शेजाऱ्याआधी तळ्यावर संशय घ्या

पत्र : डॉक्टर, नमस्कार. आमच्या घराला लागूनच तळं आहे. गेल्या काही दिवसांत त्याचं पाणी हिरवंगार झालंय आणि एका काठाला दाट थर साचलाय. परवा सकाळी आमचा मोती त्या काठावर काहीतरी चघळून आला. तासाभरातच तोंडातून लाळेच्या धारा लागल्या, पाय लटपटले, अंगभर झटके आले. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबला होता. पशुवैद्यांनी रक्त घेतलं, शवविच्छेदन केलं आणि पोटातलं जे निघालं ते फ्रीजरमध्ये ठेवलंय. रक्ताच्या अहवालात ‘कोलिनेस्टरेज अत्यंत कमी’ असं आलंय. सासरे म्हणतात, ही फवारणीच्या औषधाचीच खूण आहे आणि ते कोणी घातलं हेही सांगायला नको. शेजाऱ्यांशी बांधावरून आमचा जुना वाद आहे. दीर पोलिसांत जायला निघालेत. पशुवैद्य मात्र म्हणाले, ‘शेवाळाचंही विष असू शकतं.’ घरात कुणालाच ते पटत नाही, कारण आमच्या शेळ्या त्याच तळ्याचं पाणी पितात आणि त्या ठणठणीत आहेत. दिरांनी तळ्यात टाकायला मोरचूदही आणून ठेवलाय. मुलं तिथे पोहतात. पाणी उकळून वापरलं तर चालेल का? आणि खरं काय ते कळायला काही मार्ग आहे का? – एक वाचक

ताई, मोतीचं वाचून वाईट वाटलं. पण आधी दिरांना थांबवा. तक्रार चार दिवसांनीही करता येते. एकदा केलेला आरोप मात्र मागे घेता येत नाही, आणि तुमच्या हातातला अहवाल तो आरोप पेलण्याइतका भक्कम नाही.

अहवाल काय सांगतो ते आधी बघू. मज्जातंतूकडून स्नायूला ‘आकुंचन पाव’ असा निरोप जातो तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत. दारावरची घंटा दाबावी तसं हे रसायन स्नायूवरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, दाबतं. घंटा वाजली की बोट उचलायला हवं. ते काम कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) करतं, ॲसिटिलकोलिनचे तुकडे करून. विकरच निकामी झालं तर बोट दाबलेलंच राहतं. लाळ, डोळ्यांतून पाणी, थरथर, झटके आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून थांबणं, हे सगळं त्यातूनच होतं. शेतातली ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकी याच विकरावर घाव घालतात. त्यामुळे तुमच्या सासऱ्यांनी काढलेला अर्थ अगदीच निराधार नाही.

तो अपुरा मात्र आहे. ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, त्यातला निळ्या-हिरव्या रंगाचा एक गट खरं तर जिवाणूंचा आहे. त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. त्यातल्या काही जाती ग्वानिटॉक्सिन नावाचं विष बनवतात. रासायनिक घडणीने तेही ऑरगॅनोफॉस्फेटच, आणि तेही त्याच विकराला कायमचं जायबंदी करतं. म्हणजे कारखान्यातलं कीटकनाशक आणि तळ्यातलं हे विष, दोघांचीही सही रक्ताच्या अहवालात एकसारखीच उमटते. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या रिचमंड तलावाकाठी 1985 मध्ये कुत्री दगावली, तेव्हा तपासात हेच निघालं. विकर दाबलं गेलं होतं, आणि ते दाबणारं विष तलावावर आलेल्या ॲनाबीना फ्लोस-ॲक्वे या सायनोबॅक्टेरियाचं होतं. तिथे कुणी कुणाच्या कुत्र्याला काही घातलं नव्हतं.

याच जिवाणूंचं दुसरं विष जास्त प्रसिद्ध आहे, ॲनाटॉक्सिन-ए. तुमच्या पशुवैद्यांच्या मनात कदाचित तेच असेल, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात तळ्यांचं पाणी पिऊन गुरं पटापट मेली. पॉल गोरहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले, तेव्हा त्यांचा अर्क टोचलेले उंदीर काही मिनिटांतच मरू लागले. म्हणून या अनोळखी द्रव्याला त्यांनी ‘व्हेरी फास्ट डेथ फॅक्टर’ असं नाव देऊन टाकलं. शास्त्रज्ञांनी इतकं सरळसोट नाव क्वचितच ठेवलं असेल. त्याची रेणूरचना 1977 मध्ये उलगडली. रेणू अगदी छोटा आहे, रेणुभार 165 च्या आसपास. पाण्यात तो सहज विरघळतो. त्याला रंग नाही, आणि पाण्याला येणाऱ्या मातकट वासाशीही त्याचा संबंध नाही. (तो वास जिओस्मिनसारख्या वेगळ्याच द्रव्याचा असतो. वास नाही म्हणून पाणी चांगलं, असं समजू नका.) गंमत म्हणजे हा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवणाऱ्यांपैकी एका गटाने कच्चा माल म्हणून कोकेन वापरलं होतं, कारण दोन्हींच्या सांगाड्यात बरंच साम्य आहे.

ॲनाटॉक्सिन-ए विकराला हात लावत नाही. ते स्वतःच घंटेवरचं बोट होऊन बसतं. ॲसिटिलकोलिनच्याच ग्राहीला ते त्याच्यापेक्षा घट्ट चिकटतं, आणि विकर त्याचे तुकडे करू शकत नाही. स्नायू आधी तडतडतो, मग प्रतिसाद देणंच सोडून देतो. श्वासपटलाचं तसं झालं की प्राणी गुदमरतो, अनेकदा शुद्धीत असतानाच. या विषावर उतारा नाही. कृत्रिम श्वासावर ठेवून शरीराला ते बाहेर टाकायला वेळ मिळवून देणं, एवढाच काय तो उपाय.

आता या दोघांना तुमच्या अहवालासमोर ठेवून बघा. ॲनाटॉक्सिन-ए असतं तर कोलिनेस्टरेज कमी झालं नसतं. म्हणजे मोतीच्या बाबतीत संशयित दोनच उरतात, तळ्यातलं ग्वानिटॉक्सिन किंवा या विकरावर काम करणारं एखादं कीटकनाशक. लाळेच्या धारा दोन्हींत लागतात, झटके दोन्हींत येतात. त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून निवाडा होणार नाही. मात्र निवाडा करण्याचे दोन मार्ग आहेत, आणि तुमचे पशुवैद्य शहाणे निघाले म्हणून त्यातला एक तरी तुमच्या हातात नक्की आहे.

पहिला मार्ग मेंदूचा. ग्वानिटॉक्सिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्यामुळे त्याच्या विषबाधेत रक्तातलं विकर खाली जातं, पण मेंदूतलं जवळपास जसंच्या तसं राहतं. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं मात्र सहसा मेंदूतही पोचतात आणि तिथलंही विकर पाडतात. शवविच्छेदनाच्या वेळी मेंदूचा नमुना घेऊन गोठवला होता का, हे पशुवैद्यांना आजच विचारा. घेतला असेल तर एका चाचणीत बरंच चित्र स्पष्ट होईल.

दुसरा मार्ग पोटातल्या ऐवजाचा, आणि तो तुमच्याकडे आहेच. त्याची कीटकनाशकांसाठी तपासणी करून घ्या. ही चाचणी पशुवैद्यकीय आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांत नेहमीची आहे. जीव घेण्याइतकं कीटकनाशक पोटात गेलं असेल तर ते सहसा सापडतं. त्याच ऐवजाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. त्यात मण्यांच्या माळेसारखे दिसणारे जिवाणूंचे धागे आढळले, तर मोतीने काय चघळलं होतं ते डोळ्यांनीच दिसेल. ग्वानिटॉक्सिनची थेट चाचणी फार थोड्या प्रयोगशाळा करतात, पण विचारून बघायला हरकत नाही. अर्जावर मात्र ‘ग्वानिटॉक्सिन’ असंच लिहा. 2020 पर्यंत त्याला ॲनाटॉक्सिन-ए(एस) म्हणत असत. नुसतं ‘ॲनाटॉक्सिन’ लिहिलंत तर प्रयोगशाळा भलतंच विष शोधून ‘आढळले नाही’ असं कळवून मोकळी होईल.

खात्रीसाठी ग्वानिटॉक्सिनबरोबर ॲनाटॉक्सिन-एही शोधायला सांगितलंत तर आणखी एक सूचना द्या. प्रथिनांत फेनिलॲलॅनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, आणि ते पोटातल्या कुठल्याही अन्नात सापडतं. त्याचा आणि ॲनाटॉक्सिन-एचा रेणुभार जवळपास सारखाच. घाईने केलेल्या वस्तुमान-चाचणीत एकाला दुसरं समजण्याची चूक पूर्वी घडलेली आहे. तुमचे पशुवैद्य हे वाक्य वाचून हसतील, पण प्रयोगशाळेला तसं कळवतील. नमुना काळ्या पिशवीत, गोठवलेल्या स्थितीतच पाठवायचा. उजेडात ही विषं टिकत नाहीत. भर उन्हात आणि अल्कधर्मी पाण्यात ॲनाटॉक्सिन-ए तास-दोन तासांत अर्धं होतं. अंधारात ते कित्येक दिवस तग धरतं.

याच कारणासाठी आज तळ्याचं पाणी बाटलीत भरून नेण्यावर फार भिस्त ठेवू नका. न्या जरूर, काठावरच्या थराचं न्या, हातमोजे घालून. पण त्यात काही आढळलं नाही तर परवाही नव्हतं, असा अर्थ निघत नाही. वारा फिरला की थर दुसऱ्या काठाला जातो. शिवाय एकाच जातीचे काही वाण विष बनवतात आणि काही अजिबात बनवत नाहीत, सूक्ष्मदर्शकातूनही ते वेगळे ओळखू येत नाहीत.

समजा तपासणीत कीटकनाशक निघालं, तरी लगेच शेजाऱ्याकडे बोट दाखवू नका. फवारणीचं पाणी वाहून येतं, रिकाम्या बाटल्या उघड्यावर पडतात, कुत्री काहीही चाटतात. कुणी मुद्दाम घातलं हे सिद्ध करणं ही आणखी पुढची गोष्ट, आणि ती पोलिसांचं काम आहे, दिरांचं नव्हे.

शेळ्यांबद्दल. तुमच्या घरच्यांचा सगळा युक्तिवाद याच एका मुद्द्यावर उभा आहे, आणि नेमका तोच सगळ्यात कच्चा आहे. या जिवाणूंच्या पेशीत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. शांत हवेत ते वर तरंगतात, मग हलका वारा त्यांना ढकलत एका काठाला गोळा करतो. काठावरच्या अशा थरात त्यांची दाटी मोकळ्या पाण्याच्या हजारपट किंवा त्याहूनही जास्त असू शकते. पलीकडच्या काठावर स्वच्छ दिसणारं पाणी पिणारी शेळी आणि या काठावरचा गोळा चघळणारा कुत्रा, दोघंही एकाच तळ्यावर गेली खरी, पण दोघांच्या पोटात गेलं ते सारखं नव्हतं. शिवाय या विषांचं एक लक्षण वाईट आहे. मात्रा बरीच वाढेपर्यंत प्राण्यात काही दिसत नाही, आणि मग थोडीशी आणखी वाढली की एकदम कोसळतो. आज ठणठणीत असलेली शेळी उद्याची हमी देत नाही. ‘इतकी वर्षं पितात’ हेही तसंच. गेल्या वर्षीच्या थरात विषारी वाण नसेल, या वर्षी असेल. शेळ्यांना आजपासून दुसरं पाणी द्या. तेवढी सोय होईपर्यंत त्या काठाला निदान काटेरी फांद्यांचं कुंपण तरी घाला.

पाणी उकळून चालेल का? नाही. उकळल्याने पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. विष स्वतः उकळण्याने भरवशाने नष्ट होत नाही, उलट वाफ गेल्यामुळे उरलेलं पाणी जास्त तीव्र होतं. क्लोरीनच्या गोळ्या ॲनाटॉक्सिन-एवर फारशा चालत नाहीत. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत सक्रिय कोळसा, ओझोन किंवा परमँगनेट वापरून आणि वारंवार तपासून हे काम होतं. घरगुती गाळणीवर विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये ॲनाटॉक्सिन-एसाठी तात्पुरते संदर्भ आकडे दिले : पिण्याच्या पाण्यात थोड्या काळापुरते लिटरला 30 मायक्रोग्रॅम आणि पोहण्याच्या पाण्यात 60. पण तुमच्या काठावरच्या थरात किती आहे, हे रोज मोजणार कोण? त्यामुळे हे आकडे तुमच्या घरासाठी नाहीत. तुमच्यासाठी साधा नियम, थर दिसतोय तोवर ते पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, अंघोळीला आणि पालेभाजीवर शिंपायला बंद.

आता मोरचूद. तो दिरांच्या हातून काढून घ्या, ही माझी विनंती नाही, आग्रह आहे. मोरचुदाने जिवाणू मरतात, पण मरताना फुटतात आणि पेशीत कोंडलेलं सगळं विष एका झटक्यात पाण्यात सोडतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात पाम आयलंड नावाचं बेट आहे. 1979 मध्ये तिथल्या धरणात शेवाळ वाढलं म्हणून मोरचूद टाकला गेला. त्यानंतर 148 जण आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. यकृत आणि मूत्रपिंडाला इजा झालेली. ते विष वेगळं होतं, सिलिंड्रोस्पर्मोप्सिन, पण घडलं ते असंच, मारलेल्या पेशींनी विष सोडलं. थर आपोआप नाहीसा झाला तरीही किमान दोन आठवडे ते पाणी वापरू नका, कारण मरणारा थरही विष सोडतच असतो.

मुलांचं पोहणं बंद, यावर जास्त लिहीत नाही. मुलं पाणी गिळतात, काठावर खेळतात, हात तोंडात घालतात, आणि त्यांचं वजन कमी असतं. ग्वानिटॉक्सिन किंवा ॲनाटॉक्सिन-एने माणसं दगावल्याचं ठामपणे सिद्ध झालेलं उदाहरण नाही, पण म्हणून आपल्या घरात प्रयोग करायला नको. याच जिवाणूंतलं बीएमएए नावाचं द्रव्य आणि मेंदूचे दीर्घ आजार यांचा संबंध जोडणारे संदेश मोबाइलवर फिरतात. तो संबंध सिद्ध झालेला नाही. त्याची धास्ती घेऊन झोप उडवू नका.

थर नक्की या जिवाणूंचाच आहे का, याचा साधा अंदाज घरी घेता येतो. हातमोजे घालून एका पारदर्शक बरणीत तळ्याचं पाणी तीन-चतुर्थांश भरा, झाकण लावा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवा भाग वर येऊन कडेने कडं धरून बसला असेल, तर सायनोबॅक्टेरियाचा संशय बळावतो. तळाला बसला असेल तर बहुधा साधं शेवाळ. काठीने उचलल्यावर केसांसारखे लांब धागे लोंबत असतील, तर तेही बहुतेक साधंच. एवढ्यावरून विष आहे की नाही ते मात्र कळत नाही. आणि एक अपवाद आहे. काही सायनोबॅक्टेरिया तरंगत नाहीत, दगडांवर काळपट-तपकिरी गालिचा धरतात आणि सुटून काठाला लागतात. न्यूझीलंड आणि फ्रान्समधल्या नद्यांकाठी कुत्री दगावली ती अशाच गालिचांमुळे, पाणी नितळ असताना. मोतीने नेमकं काय चघळलं, हे बघितलेल्या माणसाला रंग आणि पोत विचारून पशुवैद्यांना सांगा.

घरात दुसरा कुत्रा असेल आणि तो त्या पाण्यात जाऊन आलाच, तर अंग चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा. बरेचसे विष अंगावरचा थर चाटल्यानेच पोटात जातं. चाल बिघडली किंवा लाळ सुटली तर घरी उलटी करवू नका, झटके येणाऱ्या प्राण्याच्या उलटीचा अंश फुप्फुसात जातो. फोन करत करतच निघा, म्हणजे पशुवैद्य ॲट्रोपिन आणि कृत्रिम श्वासाची तयारी करून ठेवतील. ॲट्रोपिनने ग्वानिटॉक्सिनमधली लाळ आणि छातीतला ओलावा आटोक्यात येतो. ॲनाटॉक्सिन-एच्या लकव्यावर त्याचा उपयोग नाही, पण तो निर्णय त्यांचा.

तळ्याचं पुढे काय करायचं, हा लांबचा प्रश्न आहे. हे जिवाणू वाढतात ते मुख्यतः फॉस्फरस आणि नायट्रोजनवर, म्हणजे शेणखत, रासायनिक खत आणि सांडपाण्यावर. शेळ्यांचं मूत आणि लेंड्या पावसाने तळ्यात उतरत असतील, तर शेळ्यांचा गोठा तळ्यापासून लांब, तिथलं पाणी तळ्याकडे वाहणार नाही अशा बाजूला न्यायला हवा. काठाभोवती गवताचा चांगला रुंद पट्टा राखला तर बरीचशी माती आणि खत तिथेच अडतं. यात शेजाऱ्याच्या शेताचाही वाटा असणार, तुमचाही असणार.

सासऱ्यांना हे पत्र वाचायला देऊ नका, चिडतील. त्यांना पशुवैद्यांकडे घेऊन जा, आणि पोटातल्या ऐवजाचा नमुना पाठवण्याच्या अर्जावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या : कीटकनाशकं, ग्वानिटॉक्सिन, ॲनाटॉक्सिन-ए, आणि मेंदूचा नमुना असेल तर त्यातलं कोलिनेस्टरेज. निकाल यायला वेळ लागेल. तोवर दिरांनी पोलिसांकडे जाण्याऐवजी कुंपणासाठी फांद्या तोडाव्यात.